तीनशे पुल, एक लाख येन आणि भांडुपचं आरडी

पत्र थोडक्यात असं आहे: "वय २७, भांडुपला आईबाबांसोबत राहतो. हातात पगार ४६,००० येतो, त्यातले १५,००० घरी देतो. एका जपानी मोबाइल गेमची जपानमधलीच आवृत्ती चार वर्षं खेळतोय, कारण इकडे मिळणारी आवृत्ती वर्षभर मागे असते. या महिन्यात गेमचा वर्धापनदिन आहे आणि मला एक पात्र हवंच आहे. पात्र मिळवायची प्रत्येक सोडत म्हणजे एक पुल, आणि तीनशे पुल केले की ते हमखास मिळतं. १०,००० येनच्या एका गिफ्ट कार्डात ३० पुल होतात, म्हणजे दहा कार्डं, एक लाख येन. माझं दोन वर्षांचं आरडी नुकतंच संपलं, त्याचे ७७,००० आलेत. क्रेडिट कार्डावर ४१,००० बाकी आहे, पण मिनिमम वेळेवर भरतो. कार्डं विकणाऱ्या परदेशी साइटवरून घेऊ, की मित्राचा भाऊ टोकियोला आहे त्याच्याकडून? तो म्हणतो, ठाण्याला माझ्या आईला जीपे कर, मी कोड पाठवतो. यात स्वस्त काय पडेल? आणि नवीन गेमिंग कायद्यात हे बसतं का? आईला अजून बोललो नाहीये."

सगळ्यात आधी एक सांगून टाकतो. गेमवर पैसे घालवणं म्हणजे वेडेपणा, असं मी म्हणणार नाही. मी स्वतः दर दोन महिन्यांनी शुक्रवारी चोर बाजारात जाऊन बंद पडलेली मनगटी घड्याळं विकत घेतो. त्यातली निम्मी अजून बंदच आहेत. त्यामुळे 'याचा उपयोग काय' हा प्रश्न मी तुम्हाला विचारू शकत नाही. घरी मलाच तो विचारला जातो.

आता हिशेब. येनचा भाव रोज हलतो, म्हणून सोयीसाठी १ येन म्हणजे ६० पैसे धरू. १०,००० येनचं कार्ड म्हणजे खरं तर ६,००० रुपये. तुम्ही पाठवलेल्या स्क्रीनशॉटमध्ये साइट त्याचे ११,००० येन मागतेय. झाले ६,६००. त्यावर तुमची बँक ३.५ टक्के फॉरेक्स मार्कअप (परकीय चलनातल्या खरेदीवरचा जादा आकार) लावते, म्हणजे २३१, आणि त्या मार्कअपवर १८ टक्के जीएसटी, म्हणजे आणखी सुमारे ४२. एक कार्ड ६,८७३ ला पडलं. दहा कार्डं ६८,७३०. तुमच्या मनात 'साठ हजार' हा आकडा आहे. प्रत्यक्षात पावणेनऊ हजार वाटेतच गळतात आणि आरडीतून आठ हजारांच्या आसपास शिल्लक राहते.

गळती थोडी कमी करता येते. बँकेच्या काही कार्डांवर मार्कअप २ टक्के असतो, काहींवर अजिबात नसतो. तुमच्या दुसऱ्या कार्डाचा तक्ता एकदा उघडून बघा. पैसे भरताना साइटनं 'रुपयांत भरायचं का' असं विचारलं तर नाही म्हणायचं आणि येनमध्येच भरायचं. रुपयाचा आकडा समोर दिसला की बरं वाटतं, पण तो भाव त्यांनी ठरवलेला असतो आणि बहुतेक वेळा आपल्या बँकेपेक्षा महाग पडतो. भारतीय कार्ड थेट जपानी स्टोअरला जोडायचा नाद सोडा. अ‍ॅपलच्या नियमाप्रमाणे खातं ज्या देशाचं, पैसे भरायची पद्धतही त्याच देशाची लागते. तुम्ही गिफ्ट कार्डाकडे वळलात ते त्यामुळेच. आणि टेलिग्रामवर कोणी '३० टक्के सूट, जेम (पुल करायला लागणारं गेममधलं चलन) थेट अकाउंटमध्ये' म्हणत असेल तर ते पैसे बहुधा चोरलेल्या कार्डाचे असतात. मूळ कार्डधारकानं तक्रार केली की जेम परत जातात आणि तुमचं चार वर्षांचं अकाउंट बंद होतं. पैसे पाठवून बसला असाल तर १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर लगेच फोन करा.

टोकियोच्या भावाकडे येतो, कारण हा पर्याय सगळ्यात स्वस्त दिसतो आणि मला तोच सगळ्यात जास्त खटकतो. तो कोपऱ्यावरच्या दुकानातून १०,००० येनचं कार्ड १०,००० येनलाच घेणार, तुम्ही ठाण्यात त्याच्या आईला ६,००० देणार. मार्कअप नाही, साइटचा नफा नाही. पण काय झालं ते बघा. तुम्ही ठाण्यात रुपये दिलेत आणि त्याच्या बदल्यात टोकियोत येन खर्च झाले. पैसा देशाबाहेर गेलाच नाही, हिशेब मात्र गेला. या व्यवहाराला आपल्या मुंबईत हवाला म्हणतात, ते मी सांगायला नको. १९९९ च्या फेमा, म्हणजे परकीय चलनाच्या कायद्याचं कलम ३ नेमकं अशा परस्पर फेडीला आडवं येतं. परदेशातल्या माणसाशी देणंघेणं करायचं तर ते अधिकृत बँकेतूनच व्हायला हवं. सहा हजारांसाठी तुमच्या दारात कोणी येणार नाही, हे मलाही कळतं. पण साठ हजार, तेही जीपेवर, तेही मित्राच्या आईच्या खात्यात आणि 'जपान कार्ड' असा शेरा लिहून? त्या माऊलीला कशाला गुंतवताय? भावाला प्रेमानं एखादं कार्ड वाढदिवसाची भेट म्हणून द्यायचं असेल तर खुशाल घ्या, पण त्याच्या बदल्यात पैसे नकोत.

कायद्याचं म्हणाल तर ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेनं मंजूर केलेला ऑनलाइन गेमिंगचा कायदा पैसे लावून पैसे जिंकायच्या खेळांवर बंदी घालतो. तुम्ही भरलेल्या येनच्या बदल्यात एक पात्र मिळतं, ते विकून रोकड करता येत नाही. हा खर्च त्या बंदीत येतो असं मला वाटत नाही. टीसीएसचीही (परदेशी पैसे पाठवताना बँक वसूल करते तो कर) काळजी सोडा, परदेशी पाठवलेल्या पैशाची वर्षाची १० लाखांची मर्यादा तुमच्यापासून फार लांब आहे.

आता खरं दुखणं. पत्रात तुम्ही ते एका वाक्यात उरकलंत: "मिनिमम वेळेवर भरतो." ४१,००० वर महिना ३.५ टक्के म्हणजे १,४३५ रुपये व्याज, त्या व्याजावर १८ टक्के जीएसटी, एकूण सुमारे १,६९३. महिन्याला. वर्षाला वीस हजारांच्या वर. ही रक्कम तुमच्या तीन जपानी कार्डांइतकी आहे. म्हणजे नव्वद पुल दरवर्षी बँकच मारतेय आणि तिला एकही पात्र मिळत नाहीये. दुसरी गोष्ट फारसं कोणी सांगत नाही. कार्डावर जुनी बाकी असली की नव्या खरेदीला बिनव्याजी दिवस मिळत नाहीत. हे दहा गिफ्ट कार्ड त्याच क्रेडिट कार्डावर घेतलेत तर व्याज पहिल्या दिवसापासून सुरू होईल. इकडे आरडीवर वर्षाला साडेसहा टक्के मिळवलेत आणि तिकडे बेचाळीस टक्क्यांनी भरलेत. दोन वर्षं हे दोन्ही शेजारी शेजारी चालू होतं.

त्यामुळे ७७,००० मधून ४१,००० आजच कार्डात भरा. यावर माझ्याकडे दुसरं मत नाही. उरतात ३६,०००.

गेमचं गणितही जरा बघू, कारण त्यात मला रस वाटला. पुल करून पात्र मिळवायच्या या सोडतीला गाचा म्हणतात. हे नाव जपानमधल्या त्या यंत्रांवरून आलंय, नाणं टाकून कळ फिरवली की प्लास्टिकच्या गोळीतून खेळणं बाहेर पडतं. तुमच्या पात्राचा दर पुलला ०.७ टक्के, म्हणजे शंभर पुलमध्ये मिळायची शक्यता जेमतेम निम्मी. नाणेफेकच म्हणा. दोनशेमध्ये तीन-चतुर्थांश. तीनशेपर्यंत रिकाम्या हाती जाणारे साधारण आठात एक, आणि त्यांच्यासाठीच ती हमी असते. तुमच्या भाषेत 'तेन्जो', म्हणजे छत. तुम्ही मात्र सुरुवातीलाच छताची पूर्ण किंमत बाजूला काढताय. हमीसाठी पैसे हाताशी असणं शहाणपणाचं, हे मला मान्य. पण हाताशी असलेले पैसे शंभराव्या पुलला पात्र मिळाल्यावर परत आरडीत जातील का, हे तुम्हीच स्वतःला खरं सांगा. मी चोर बाजारात दोन हजार घेऊन जातो आणि रिकाम्या खिशानं परत येतो, घड्याळ पाचशेला मिळालं तरी.

तुम्ही लिहिलंय की रोजच्या खेळातून महिन्याला चाळीसेक पुल फुकट साठतात. मग असं करून बघा. तीन महिन्यांतून एका कार्डाचे पैसे बाजूला, म्हणजे महिन्याला दहा पुल विकतचे. चाळीस आणि दहा पन्नास. सहा महिन्यांत तीनशे. छत गाठलं, आणि खर्च दोन कार्डांचा, १३,७४६ रुपये. आत्ताच्या बेतात हेच छत ६८,७३० ला पडतंय. अडचण एकच, मधल्या काळात येणारं कोणतंही पात्र ओढायचं नाही. हे कठीण आहे. पण जपानी गेममध्ये सहा महिन्यांनी अर्धवार्षिक सोहळाही असतो, आणि तेव्हा तुम्ही तीनशे पुल घेऊन उभे असाल.

विकत घेतलेले जेम ही बचत नव्हे, हेही लक्षात असू द्या. जपानमध्ये २०१० पासून लागू असलेला कायदा विकतच्या जेमना आगाऊ भरलेलं चलन मानतो. न वापरलेल्या जेमची एकूण रक्कम १ कोटी येनच्या वर गेली की कंपनीला तिच्या निम्मी रक्कम अनामत ठेवावी लागते, आणि गेम बंद झाला तर न वापरलेल्या जेमचे पैसे परत करावे लागतात. विकतचे आणि फुकटचे जेम वेगवेगळे मोजलेले दिसतात ते मुख्यतः यामुळेच. ऐकायला छान आहे. पण ठरलेल्या मुदतीत जपानी भाषेत अर्ज करून ते पैसे भांडुपला कसे आणणार? आणि पुल केलेल्या जेमचं तर काहीच परत येत नाही. तेव्हा साठा करायचा तो फुकटच्यांचा करा, विकतचे वापरायच्या आठवड्यातच घ्या.

राहिले ३६,०००. वर्धापनदिनाचं एक कार्ड या खेपेला घ्या, ६,८७३. ते हौसेचं आहे, त्याबद्दल कोणाला स्पष्टीकरण द्यायची गरज नाही. उरलेल्या सुमारे २९,००० ला हात लावू नका, बँकेच्या एफडीत राहू देत. बाबा पुढच्या वर्षी निवृत्त होतायत असं तुम्ही शेवटी लिहिलंय. आईबाबांचा स्वतंत्र आरोग्य विमा नसेल तर पहिला खर्च तोच. सप्टेंबर २०२५ पासून वैयक्तिक आरोग्य विम्याच्या हप्त्यावर जीएसटी लागत नाही. आरडी पुन्हा ३,००० नं सुरू करा. कार्डाच्या मिनिममला जे दोनेक हजार जात होते ते आता सुटतील, गेमचा महिन्याचा खर्च त्यातूनच निघतो.

आईला काय सांगायचं? सत्तर हजारांचा बेत होता तोवर लपवावंसं वाटणं समजू शकतो. तीन महिन्यांना सात हजार ही गोष्ट जेवताना सांगण्यासारखी आहे.

हे एक कार्ड घेताना क्रेडिट कार्ड वापरू नका. जुन्या नोकरीचं पगारखातं अजून चालू आहे ना, त्यात सात हजार टाका आणि त्याच्या डेबिट कार्डावर घ्या, मार्कअप तेवढा तपासून. त्या कार्डाचे परदेशी ऑनलाइन व्यवहार बँकेच्या अ‍ॅपमधून चालू करावे लागतील. ऑक्टोबर २०२० पासून नव्या कार्डांवर ते बंदच येतात. मर्यादा ७,००० ठेवा, कोड मिळाला की बटण पुन्हा बंद. परदेशी साइट कित्येकदा ओटीपी न मागताच पैसे वळते करतात, म्हणून हा खटाटोप.

आणि क्रेडिट कार्डाची बाकी भरायच्या आधी बँकेला फोन करून आजचा नेमका आकडा विचारा. पूर्ण भरूनही पुढच्या स्टेटमेंटला मधल्या दिवसांचं काही व्याज दिसेल. गडबडून जाऊ नका, तेही पूर्ण भरा, मिनिमम नको.