बिनशिवणीचा स्वेटर आणि कातरणाचा हिशेब

प्रश्न : आमच्या कारखान्यात स्वेटरचे कापड आधी विणले जाते आणि मग बेतून, कापून शिवले जाते. कातरणाची पोती सतत साठतात. अखंड कपडा विणणारे मशीन घेतल्यास पर्यावरणावरचा भार खरोखर कमी होईल का?

उत्तर : होईल, पण विक्रेता सांगतो त्याहून मर्यादित अर्थाने. जपानच्या शिमा सेइकी कंपनीने असे मशीन १९९५ मध्ये मिलानच्या प्रदर्शनात मांडले, म्हणजे तंत्र आता अगदी कोवळे राहिलेले नाही. त्यावर धड आणि दोन बाह्या अशा तीन नळ्या शेजारी-शेजारी विणल्या जातात, काखेपाशी त्या एकमेकींत मिसळतात आणि स्वेटर गळ्यापाशी पुरा होतो. कापणेच नसल्यामुळे कातरण जवळजवळ उरत नाही. दुसरा फायदा मला अधिक मोलाचा वाटतो. कापलेल्या तुकड्याची कड उसवून पाहा : प्रत्येक ओळीतून हातभर धागा निघतो आणि तुटतो. अखंड विणलेला, विशेषतः एकरंगी स्वेटर बिघडला, तर त्याचे सूत सलग उसवून पुन्हा कोनावर, म्हणजे सूत गुंडाळण्याच्या शंकूवर, घेता येते.

अडचणीही आहेत. टाके एका सुईवरून दुसरीवर नेण्यासाठी सुयांच्या दोन पट्ट्या असलेल्या मशीनवर एकाआड एक सुई मोकळी ठेवावी लागते, त्यामुळे त्याच गेजवर, म्हणजे इंचामागे तितक्याच सुया असूनही, वीण जाडसर येते. चार पट्ट्यांचे मशीन ही उणीव भरून काढते, पण ते महाग असते. शिवाय मध्येच सुई मोडली, तर एक तुकडा नव्हे, अख्खा स्वेटर बाद होऊ शकतो. प्रोग्रॅम लिहिणारा अनुभवी माणूस नसेल, तर सुरुवातीचे नमुनेच कातरणाची जागा घेतील.

आणि रंगाईचे काय? पाणी, उष्णता आणि रसायने यांचा मोठा खर्च तिथे होतो, आणि विणकामाचे कोणतेही मशीन त्याला हात लावत नाही.

म्हणून आधी महिनाभर कातरण आणि वापरलेले सूत यांचे वजन मापासह नोंदवा. कातरण मुख्यतः गळा आणि बाहीच्या गोलाईतून येत असेल, तर टाके वाढवत-घटवत प्रत्येक भाग नेमक्या आकारातच विणण्याची जुनी रीत बराच अपव्यय वाचवते, आणि संगणकावर चालणाऱ्या आजच्या अनेक सपाट मशीनवर ती सोय असते. तुमच्याकडे असे मशीन असेल, तर नव्या खरेदीआधी तेच वापरून पाहावे, असे माझे मत आहे.