काकडीचं फूल दहाच्या आत बघा

उन्हाळा लागताना घरच्या बागेत काय बघायचं आणि त्याचे फोटो कसे काढायचे, याबद्दलचे निवडक प्रश्न या वेळी घेतले आहेत. बऱ्याच प्रश्नांत उत्तराचा धागा फोटो किती वाजता आणि कुठल्या बाजूनं काढला यातच सापडतो, म्हणून बाग आणि कॅमेरा वेगळे केलेले नाहीत.

प्रश्न : काकडी आणि तांबड्या भोपळ्याच्या वेलांना दोन आठवडे रोज फुलं येतात, पण फळ एकही धरत नाही. फुलांचे फोटो पाठवत आहे. काय चुकतंय?

सगळे फोटो फुलाच्या तोंडासमोरून काढलेले आहेत, आणि नेमकं तिथूनच काही कळत नाही. फूल नर की मादी हे पाकळ्यांच्या मागं दिसतं. बाजूनं बघा. देठ सरळ, बारीक आणि मोकळा असेल तर नर फूल. पाकळ्यांच्या खाली इवलीशी काकडी किंवा गोलसर गाठ असेल तर मादी. या वेलांवर सुरुवातीला बहुतेक फुलं नरच येतात, मादी फुलं मागाहून. त्यामुळे दोन आठवडे नुसती फुलं येणं यात बिघाड काहीच नसेल. फोन देठाच्या उंचीवर आणून बाजूनं एक फोटो काढला की शंका मिटते.

मादी फुलं येत असूनही मागची गाठ टोकाकडून पिवळी पडून सुकत असेल, तर परागकण पोचत नाहीत. मग हातानं परागीकरण करा. नुकतं उमललेलं नर फूल तोडायचं, पाकळ्या काढून टाकायच्या आणि मधल्या दांड्यावरची पिवळी भुकटी मादी फुलातल्या तीन भागांच्या कुक्षीवर, म्हणजे परागकण झेलणाऱ्या टोकावर, सगळीकडून हलकेच फिरवायची. एकाच बाजूला लागली तर फळ वाकडं किंवा एका टोकाला बारीक होतं. एक नर फूल दोन मादी फुलांना पुरतं.

वेळ मात्र सांभाळावी लागते. काकडी आणि तांबडा भोपळा भल्या सकाळी उमलतात. ऊन चढेल तसे परागकण निकामी होत जातात आणि भोपळ्याचं फूल तर दुपारच्या आतच मिटतं. नऊपर्यंत काम उरकलेलं बरं, दहानंतर भरवसा नाही. दुधी आणि दोडका यांचा हिशेब उलटा आहे. त्यांची फुलं संध्याकाळी उमलतात. सकाळी जाऊन मिटलेलं दुधीचं फूल बघणारे ‘वेलच खराब निघाला’ असं म्हणतात, ते यामुळेच.

परागीकरण केलेल्या फुलाच्या देठाला सैल दोरा बांधा आणि त्याच दिवशी, तिसऱ्या दिवशी, पाचव्या दिवशी बाजूनंच फोटो घ्या. गाठ फुगली की फळ धरलं. काकडीच्या काही जाती परागीकरणाशिवायच फळतात. बियांच्या पाकिटावर तसं लिहिलं असेल तर हा सगळा खटाटोप नको.

प्रश्न : लाल जास्वंदीचा फोटो काढला की फुलाचा नुसता लाल गोळा दिसतो. पाकळीवरच्या शिरा, घड्या काहीच येत नाही. फोन बदलावा का?

फोन बदलून फरक पडणार नाही. कॅमेरा चित्रातला एकूण उजेड मोजतो. फुलाभोवती गडद हिरवी पानं असली की चित्र अंधारं आहे असं समजून तो उजेड वाढवतो. लाल पाकळी लाल रंगाच्या पट्टीतच सगळा उजेड टाकते, ती पट्टी कमाल मर्यादेला भिडते आणि बारकावे सपाट होतात. एकदा सपाट झालं की नंतर फोटो कितीही काळवंडवला तरी शिरा परत येत नाहीत.

फुलावर बोट दाबून धरा, फोकस लॉक होऊ द्या आणि सूर्याचं चिन्ह खाली ओढा. पडद्यावर फोटो जरा काळपट वाटेपर्यंत ओढायचं. कॅमेऱ्यावर एक्स्पोजर कॉम्पेन्सेशन, म्हणजे उजेड कमी-जास्त करायची सोय, उणे दोन तृतीयांश ते उणे एक ठेवा आणि हिस्टोग्राम, म्हणजे उजेडाचा आलेख, तीन रंगांत वेगळा बघा, कारण एकत्र आलेखात लाल पट्टी भिडलेली लपून जाते. गडद पानांवरच्या मोगऱ्यासारख्या पांढऱ्या फुलालाही हाच उपाय. चौकट जवळपास सगळी पांढऱ्या फुलांनीच भरली असेल तर मात्र उलट, अधिक एक, नाहीतर पांढरं राखाडी येतं.

बाकी अर्धं काम उजेडाचं. कडक उन्हात कुठलंच लाल फूल नीट येत नाही. सूर्य उगवल्यावरचा पहिला तास किंवा पातळ ढग असलेली वेळ धरा. तसं जमत नसेल तर फूल आणि ऊन यांच्यामध्ये पांढरं पातळ कापड किंवा ट्रेसिंग पेपर फुलापासून वीतभर अंतरावर धरा. कापड जितकं जवळ तितकी सावली मऊ. हिरव्या शेडनेटखाली फोटो काढत असाल तर सगळ्यावर हिरवट झाक येते. तिथंच एक कोरा पांढरा कागद ठेवून त्यावर व्हाइट बॅलन्स (पांढरं पांढरंच दिसावं यासाठीची रंगाची सेटिंग) बसवून घ्या.

प्रश्न : टोमॅटोला फुलांचे घोस लागतात आणि देठासकट गळून पडतात. खत कमी पडतंय का?

खत वाढवण्याआधी थर्मामीटर बघा. सावलीत, जमिनीपासून साधारण सव्वा ते दीड मीटर उंचीवर टांगलेला हवा. भिंतीला चिकटवलेला थर्मामीटर भिंतीचं तापमान सांगतो. दिवसा ३५ अंश सेल्सियसच्या वर किंवा रात्री २४ च्या वर पारा राहू लागला की टोमॅटोचे परागकण नीट तयार होत नाहीत आणि फूल फळ न धरताच गळतं. माणसाला दिवसाचं ऊन जाणवतं, पण रात्रीचा उकाडाही तितकंच नुकसान करतो.

हे फुलातच बघता येतं, आणि क्लोज-अप काढायला याच्याइतकी चांगली जागा बागेत दुसरी नाही. टोमॅटोच्या फुलात पुंकेसरांचा पिवळा शंकू असतो. परागकण त्या शंकूच्या आत सुटतात आणि कुक्षी साधारणपणे आतच राहते, म्हणून फूल स्वतःचं स्वतः फळतं. उष्णतेत कुक्षीचा दांडा लांबतो आणि हिरवट टोक शंकूच्या बाहेर डोकावतं. मिलिमीटर-दोन मिलिमीटरचा फरक, पण फोटो मोठा करून बघितला की स्पष्ट दिसतो. असं फूल बहुतेक वेळा फळत नाही.

आता देठ बघा. फुलाच्या देठावर मध्येच एक गाठीसारखा सांधा असतो. गळणारं फूल त्या सांध्यावरच तुटतं, आणि तुटण्याआधी सांध्यापुढचा देठ पिवळा पडतो. पाकळ्या सुकल्या पण देठ हिरवा आणि जाड राहिला, तर आत फळ धरलंय. सुकलेल्या पाकळ्या ओढून काढू नका, त्या आपणहून पडतात. एका घोसाला दोरा बांधून दर तीन दिवसांनी त्याचाच फोटो घ्या आणि फुलं, फळं मोजून लिहा. ‘खूप गळतात’ या अंदाजापेक्षा नऊपैकी सहा गळली ही नोंद उपयोगाची.

दुपारच्या उन्हात ३० ते ५० टक्के सावलीची जाळी, मुळाशी पाच-सात सेंटिमीटर वाळक्या पाल्याचं आच्छादन, आणि सकाळी उशिरा, दव वाळल्यावर, घोसाच्या मागच्या देठाला बोटानं टिचकी. टिचकीनं परागकण शंकूतून खाली झडतात. भुंगे हेच काम फुलाला लटकून, पंखांचे स्नायू थरथरवून करतात. मधमाशीला ते जमत नाही. नत्राचं खत मात्र आता थांबवा, त्यानं पानं माजतात आणि फुलं मागं पडतात. हवा उतरली की नवे घोस आपोआप फळतात.

प्रश्न : भोपळ्याची पानं दुपारी लुळी पडतात. लगेच पाणी घालावं का?

एकाच पानाचे दोन फोटो काढा, दुपारी तीनचा आणि दुसऱ्या दिवशी सकाळी सातचा. सकाळी पान ताठ असेल तर काळजी नको. मोठी पानं दुपारी जितकं पाणी उडवतात तितकं मुळं त्या वेगानं वर पाठवू शकत नाहीत, एवढंच. सकाळीही लुळं असेल तर मातीत बोट पाच सेंटिमीटर खुपसा. कोरडं लागलं तर पाणी द्या. ओलं लागलं आणि तरी पान लुळं, तर मुळं कुजतायत किंवा मर रोग आहे, आणि तिथं पाणी घालणं म्हणजे रोप लवकर मारणं.

प्रश्न : मिरचीच्या शेंड्यांवर मावा आहे आणि आता काळ्या-नारिंगी काटेरी अळ्याही दिसू लागल्या. फवारणी कशाची करावी?

फवारणी थांबवा. वर्णनावरून त्या ढालकिड्याच्या, म्हणजे लेडीबर्डच्या अळ्या आहेत. लांबट अंग, पुढं सहा पाय, छोट्या मगरीसारखी चाल. त्या मावाच खातात. अंडी पानाखाली पिवळी, लांबुळकी, उभी रचलेली असतात. केसासारख्या दोऱ्याच्या टोकाला एकेक अंडं लटकलेलं दिसलं तर ते क्रायसोपाचं, म्हणजे जाळीदार पंखांच्या किड्याचं, तोही मित्रच. मावा फुगलेला, सोनेरी-तपकिरी आणि जागचा हलत नसेल, त्याला गोल भोक असेल, तर त्याच्या आत वाढलेली बारीक गांधीलमाशी बाहेर पडून गेली आहे.

एक अपवाद सांभाळा. वांग्याच्या पानावर पिवळी, सर्वांगाला फाटेदार काटे असलेली अळी असेल आणि पानाची जाळी झाली असेल, तर ती त्याच कुळातली पण पानं खाणारी. ती हातानं वेचून काढावी.

ओळख पटवण्यासाठी किमान तीन फोटो हवेत. एक पूर्ण रोपाचा, एक फांदीचा, आणि एक जवळून, शेजारी पट्टी धरून. किडी बहुधा पानाखाली असतात. पान मुरगाळू नका. खाली छोटा आरसा धरून आरशातल्या प्रतिबिंबावर फोकस करा. पानावर बारीक पांढुरके ठिपके आणि खाली जाळं असेल तर पांढऱ्या कागदावर पान झटका. कागदावर पडलेले ठिपके चालू लागले तर ते कोळी, म्हणजे माइट. गरम, कोरड्या हवेत ते झपाट्यानं वाढतात. पानाच्या खालच्या बाजूवर सकाळी पाण्याचा जोरदार फवारा चार-पाच दिवस मारणं ही पहिली पायरी.

प्रश्न : फोन फुलाच्या अगदी जवळ नेला की फोटो धूसर येतो.

प्रत्येक लेन्सला फोकसचं एक किमान अंतर असतं, त्याच्या आत ती फोकस करूच शकत नाही. फोन वीस-पंचवीस सेंटिमीटर मागं घ्या आणि दुप्पट झूम करा. फोनची पाठ फुलाच्या मुख्य भागाला समांतर ठेवा, तिरकी धरली की अर्धं फूल धूसर होणारच. काही फोन जवळ गेल्यावर आपोआप वाइड लेन्सवर उडी मारतात, चित्र हलून रंग बदलतो. सेटिंगमध्ये तो मॅक्रो मोड बंद करता येतो का ते बघा. आणि आधी लेन्स पुसा. बागेत काम केलेल्या बोटांचे ठसे तिच्यावर असतातच.

प्रश्न : वाऱ्यानं फूल सारखं हलतं. काय करावं?

शटर १/५०० सेकंद किंवा त्याहून जलद, उडत्या माशीसाठी १/१००० च्या पुढं. आयएसओ, म्हणजे कॅमेऱ्याची उजेडाची संवेदनशीलता, वाढला तरी चालेल. दाणेदार फोटो बघवतो, हललेला नाही. देठाशेजारी काडी रोवून कपड्याच्या चिमट्यानं देठ हलकेच अडकवा, चिमटा चौकटीबाहेर राहील असा.

प्रश्न : सकाळी टोमॅटोच्या पानांच्या कडेला मोत्यांसारखे थेंब रांगेत असतात, ते दव का? फोटोसाठी फवारून तसे आणता येतात का?

दव पानभर बारीक पसरतं. पानाच्या दात्यांच्या टोकांवर, शिरा संपतात तिथंच, एकेक गोल थेंब असेल तर ते पाणी रोपानं स्वतः बाहेर टाकलेलं आहे. माती ओली, हवा दमट आणि रात्री पानांतून बाष्प कमी उडत असलं की मुळांचा दाब पाणी वर ढकलतो. त्यामुळे हे थेंब दिसणं म्हणजे मुळं चालू आहेत आणि मातीत पाणी आहे याची खूण. ऊन लागताच थेंब जातात, तेव्हा सूर्योदयाआधी तयारीत राहा आणि उजेड थेंबांच्या मागून येईल असं उभं राहून बघा.

फवारून आणलेले थेंब कुठंही बसतात, जाणकाराला फोटोत लगेच कळतात. टिकाऊ थेंबांसाठी पाण्यात ग्लिसरीन मिसळण्याची युक्ती सांगितली जाते, ती बागेत नको. पान चिकट होतं, धूळ बसते, बारीक किडे अडकतात.

प्रश्न : दर आठवड्याचे फोटो एकमेकांशी जुळतच नाहीत. वाढ कशी कळणार?

जमिनीत एक खुंटी ठोका आणि त्यावर तीच काठी उभी करून फोन तिच्या टोकाला टेकवा. उंची, दिशा आणि झूम तेवढंच राहतं. पडद्यावरची जाळी चालू करून कुंपणाची किंवा कुंडीची कड दर वेळी एकाच रेघेवर आणा. वेळही एकच, नाहीतर सावल्याच बदललेल्या दिसतात आणि रोप वाढल्याचा भास होतो. चौकटीत सेंटिमीटरच्या खुणा केलेली काठी कायमची रोवून ठेवा. फाइलच्या नावात आधी वर्ष, मग महिना, मग दिवस, मग वाफ्याचा क्रमांक लिहा, म्हणजे फोटो आपोआप क्रमानं लागतात. त्या दिवशीचं किमान-कमाल तापमान आणि पाणी दिलं की नाही एवढं वहीत टिपा, ते फोटोत कधीच दिसत नाही.