मजुरी एकट्याची की घराची?

प्रश्न : मी इचलकरंजीत यंत्रमागावर आहे. बायको, दोन पोरं. मजुरी वाढवा म्हटलं, तर शेठ म्हणतात, "पैसे कापडाचे देतो, तुझ्या संसाराचे नाही." बरोबर आहे का?

उत्तर : नाही, दादा. १९५७च्या भारतीय श्रम परिषदेनं (सरकार, मालक आणि कामगार यांची एकत्र बैठक) किमान वेतनाचा हिशेबच घराचा मांडला. एका कमावत्यामागं गरजेची तीन 'एककं' (एका मोठ्या पुरुषाची गरज म्हणजे एक), प्रत्येकी रोज २७०० उष्मांक, घराला वर्षाला ७२ वार कापड, वर भाडं, सरपण, दिवाबत्ती. (नवरा १, दोन पोरं प्रत्येकी ०.६, बायको ०.८! हे ०.८ ऐकून माझी आई लाटणं घेऊन आली असती.) १९९१ साली सर्वोच्च न्यायालयानं शिक्षण, औषधपाणी, म्हातारपण यांसाठी आणखी २५ टक्के धरायला सांगितलं. ७२ वार तुम्ही किती वेळात विणता, ते शेठना एकदा सांगाच.