कागदावरचे ‘मॉड ए’ म्हणजे काय?

प्रश्न असा आला आहे : पक्षाघातानंतर वडिलांना घरी सोडताना मिळालेल्या कागदावर ‘ओटी : एडीएल मॉड ए, ट्रान्सफर सीजीए, खांदा आरओएम डब्ल्यूएफएल’ असं लिहिलंय. ऑपरेशन झालंच नाही, मग ओटी कुठून आलं?

हे ओटी म्हणजे ऑक्युपेशनल थेरपी. ऑपरेशन थिएटरलाही ओटीच म्हणतात, म्हणून हा घोळ होतो. मराठीत व्यवसायोपचार. यातला व्यवसाय पोटापाण्यापुरता नाही. उठल्यापासून झोपेपर्यंत माणूस जे जे करतो ते सगळं त्यात येतं. आपल्याकडे याचं शिक्षण कमला निंबकर यांनी १९५० साली मुंबईच्या केईएम रुग्णालयात सुरू केलं.

एडीएल म्हणजे रोजची स्वतःची कामं. सिडनी कॅट्झ यांच्या १९६३च्या मोजपट्टीत ती सहा आहेत : आंघोळ, कपडे, संडासला जाणं, उठबस, मलमूत्रावरचा ताबा आणि जेवण. आपल्याकडे मांडी घालून बसणं, उकिडवं बसणं, साडी नेसणं हेही विचारायलाच हवं.

‘मॉड ए’ म्हणजे मॉडरेट असिस्टन्स, मध्यम मदत. हे नीट समजून घ्या, कारण घरच्यांचं वागणं यावर ठरतं. नेहमीच्या मोजणीत याचा अर्थ असा की ५० ते ७४ टक्के कष्ट रुग्ण स्वतः घेतो. ७५ किंवा त्याहून जास्त घेत असेल तर ‘मिन ए’, २५ ते ४९ असेल तर ‘मॅक्स ए’. तेव्हा वडिलांना सदरा तुम्ही चढवू नका. लुळा हात आधी बाहीत घालायला लावा, चांगला नंतर. काढताना उलट, चांगला आधी. अडेल तिथेच हात द्या. घाईपोटी आपण सगळंच करून टाकतो आणि त्यांना जमत असलेलंही सुटत जातं, याचं मला फार वाईट वाटतं.

ट्रान्सफर म्हणजे पलंगावरून खुर्चीत, खुर्चीतून कमोडवर असं जाणं. सीजीए, म्हणजे कॉन्टॅक्ट गार्ड असिस्टन्स : अंगाला हात टेकवून ठेवायचा, उचलायचं नाही, तोल गेला तरच सावरायचं.

आरओएम म्हणजे सांधा किती हलतो ते. डब्ल्यूएफएल : पूर्ण नसेल, पण कामापुरता हलतो, केस विंचरता येतील इतका.

पुढे ‘आयएडीएल’ दिसलं तर ती घर चालवण्याची कामं : फोन, औषधं, स्वयंपाक, पैशांचा हिशेब.