आईच्या खर्चावरून दादाशी वाद
आईसाठी केलेल्या ट्रस्टचे तू आणि दादा दोघे विश्वस्त, आणि त्यातून द्यायचे आयाबाईचे पैसे दादा अडवतोय, म्हणून लगेच वकील गाठू नकोस. आधी ट्रस्टडीड, म्हणजे ट्रस्ट कसा चालवायचा ते लिहिलेला दस्त, वाच. त्यात वेगळं लिहिलं नसेल, तर १८८२च्या भारतीय न्यास कायद्याच्या कलम ४८ प्रमाणे सगळ्या विश्वस्तांनी मिळूनच कारभार करायचा. एकट्याची सही चालत नाही, थोरल्याचीही नाही.

आमच्याकडे, बडोद्यात दांडिया बाजारच्या घरी, भांडण पेटलं ते डायपरवरून, औषधांवरून नव्हे! मी खिशातून भरत गेलो, पावत्या ठेवल्याच नाहीत. लाभार्थीच्या, म्हणजे ट्रस्ट जिच्यासाठी आहे त्या आईच्या, पालनपोषणाचा योग्य खर्च कलम ३२ खाली ट्रस्टमधून परत घेता येतो, पण कागद दाखवायला नको? रात्रीच्या बाईचा पगारसुद्धा यूपीआयनेच दे.

तरी अडलंच, तर कलम ३४ आहे: दावा न लावता, अर्ज करून दिवाणी न्यायालयाचा सल्ला मागता येतो. फार गुंतागुंतीचे प्रश्न मात्र तिथे घेत नाहीत.