फी भरण्याआधी मेडिकल

प्रश्न : मुलगी सतरा वर्षांची आहे, गणित आणि भौतिकशास्त्र चांगलं आहे. एअरलाइन पायलट व्हायचं म्हणते. तिला चष्मा आहे. पगार भरपूर असतो असं ऐकते, पण जिवाला धोका, घराबाहेर राहणं याची धास्ती वाटते. शिक्षणासाठी कर्ज काढावं लागेल. काय करावं? – एक आई

ताई, नमस्कार.

तुमच्या काळज्यांत अपघाताची भीती तुम्ही आधी लिहिलीत. मी ती बरीच खाली ठेवेन. या वाटेवरची घरं अडचणीत येतात ती बहुधा लायसन्स हातात आल्यावर आणि नोकरी लागण्याआधी, कर्जाचे हप्ते सुरू झालेले असताना. २०२० मध्ये जगभर विमानं उभी राहिली आणि नुकतं ट्रेनिंग संपवलेल्यांची दारं सगळ्यात आधी बंद झाली. हा धंदा लाटांवर चालतो. मुलगी हुशार असली तरी लाट तिच्या हातात नाही.

चष्म्याची काळजी सोडा. 'इकाओ' या आंतरराष्ट्रीय संघटनेच्या निकषानुसार चष्म्यासह प्रत्येक डोळ्याची दूरची नजर ६/९ आणि दोन्हींची मिळून ६/६ असली की चालतं. उडताना जादा चष्मा जवळ हवा, एवढंच. खरी अडचण रंग ओळखण्यात, कानात, ईसीजीत निघते. रंगांधळेपण तर बऱ्याच जणांना तपासणीपर्यंत माहीतच नसतं. म्हणून फीचा पहिला रुपया जाण्याआधी क्लास वन मेडिकल (व्यावसायिक पायलटला लागणारी वैद्यकीय तपासणी) करून घ्या. फी भरून मग मेडिकलला जाणारे दर वर्षी भेटतात.

मेडिकल एकदाच होऊन संपत नाही. साधारण दर वर्षी, साठीनंतर सहा महिन्यांनी. एखादं दुखणं ऑफिसातल्या माणसाला आठवडाभर घरी बसवतं, पायलटचं ते उत्पन्नच थांबवू शकतं. त्यासाठी 'लॉस ऑफ लायसन्स' विमा असतो. पहिल्या पगारापासून घ्यावा. गरोदरपणाबद्दलही आत्ताच सांगते, कारण मुलींना हे कुणी सांगत नाही : इकाओच्या निकषात बाराव्या आठवड्याच्या अखेरीपासून सव्विसाव्याच्या अखेरीपर्यंत, तेही सगळं सुरळीत असेल तरच, उडता येतं. काही देशांचे नियम याहून कडक आहेत.

आता ट्रेनिंग. कमर्शियल लायसन्सला किमान २०० तास लागतात (मान्यताप्राप्त सलग कोर्समध्ये १५०), त्यात रात्रीचं उड्डाण आणि ३०० नॉटिकल मैलांची एक क्रॉस-कंट्रीही (लांब पल्ल्याचं उड्डाण) आली. कागदावरचा कालावधी सहसा लांबतो : हवामान, दुरुस्तीला गेलेली विमानं, सोडून गेलेले इन्स्ट्रक्टर. लायसन्सनंतर एखाद्या ठराविक विमानाचं टाइप रेटिंग, म्हणजे त्या प्रकारचं विमान उडवण्याची पात्रता. ते नोकरी हातात नसताना स्वखर्चाने करू नका. ज्या कंपनीत भरती निघेल तिच्याकडे तेच विमान असेल असं नाही, आणि रेटिंगची मुदत संपली की नूतनीकरणाला पुन्हा पैसे.

नोकरी लागल्यावरचं आयुष्य सांगते. पहाटे चारची ड्यूटी म्हणजे अडीचला उठणं, ज्या वेळी शरीर सगळ्यात सुस्त असतं. दिवसात चार सेक्टर, म्हणजे चार उड्डाणं. दोन उड्डाणांच्या मधल्या चाळीसेक मिनिटांत एक जण खाली उतरून टायर, ब्रेकची झीज, वेग मोजणारी पिटो ट्यूब, इंजिनाचं तोंड बघतो. दुसरा कॉम्प्युटरमध्ये मार्ग भरतो, टेकऑफचे वेग काढतो. अनेक कंपन्यांत भत्ता ब्लॉक तासांवर मिळतो, म्हणजे विमान गेटवरून हललं की घड्याळ सुरू. धुक्यात गेटवर दोन तास बसलात तर ते त्यात धरत नाहीत.

शिवाय वर्षातून दोनदा सिम्युलेटर, म्हणजे जमिनीवरच्या नकली कॉकपिटमध्ये परीक्षा. टेकऑफच्या धावेत व्ही-वन (थांबायचं की उडायचं हे ठरवण्याचा शेवटचा) वेग ओलांडताच एक इंजिन बंद करतात. आता थांबायचं नसतं, कारण पुढे पुरेशी धावपट्टी उरली असेलच असं नाही. नाक मेलेल्या इंजिनाकडे वळतं, उलट बाजूचा रडर (शेपटीवरचं सुकाणू) पायाने दाबून सरळ धरायचं आणि वर न्यायचं. वीस वर्षं कॅप्टन असलेल्याचीही यातून सुटका नाही; नापास झाला तर जादा ट्रेनिंग होईपर्यंत रोस्टरमधून (ड्यूटीच्या वेळापत्रकातून) बाहेर.

जमेच्या बाजूला पगार आहेच. पण टिकणारे लोक दुसरंच सांगतात : विमान पार्क झालं की काम संपलं, घरी फाइल येत नाही, सुट्टीच्या दिवशी बॉसचा फोन नाही. तासांवर कायद्याने मर्यादा असते, बहुतेक ठिकाणी वर्षाला ९०० ते १००० च्या आसपास. १५०० तासांनंतर एटीपीएल, म्हणजे कॅप्टन होण्यासाठी लागणारं वरचं लायसन्स, काढता येतं. कॅप्टनची खुर्ची मात्र बऱ्याच कंपन्यांत सीनिऑरिटीने मिळते, आणि कंपनी बदलली की पुन्हा तळाशी.

घर गहाण न ठेवता, आणि नोकरीविना दोन वर्षं गेली तरी हप्ते निघतील एवढी सोय असेल, तर मी हो म्हणेन. नसेल तर आधी पदवी घेऊ द्या. अठराव्या वर्षीच लायसन्स हवं असा काही नियम नाही.

मेडिकल झालं की तिला अर्ध्या तासाच्या ट्रायल फ्लाइटला बसवा; मळमळतं का, कंटाळा येतो का, तिथेच कळतं. मग फ्लाइंग स्कूलमध्ये जाऊन विचारा : आज उडू शकणारी विमानं किती, विद्यार्थी किती, गेल्या महिन्यात एकेकाचे किती तास झाले? लॉग दाखवायला मागा. फी टप्प्याटप्प्यानेच भरा. सगळी एकरकमी मागितली, तर दुसरी स्कूल बघा.