रजा तुझी, पण घरातला चार्ज कोणाकडे?

‘ताई, मी ४३ वर्षांची आहे. नाशिकला एका बँकेच्या करन्सी चेस्टमध्ये, म्हणजे नोटा-नाण्यांचा साठा ठेवतात त्या विभागात, अधिकारी. मागच्या गुरुवारी संध्याकाळी अचानक सांगितलं, उद्यापासून सक्तीची रजा. नवऱ्याला सुट्टी नाही, मुलगा दहावीत. मला खरं तर कुठेच जायचं नाही, नुसतं घरी पडून राहायचंय. बहीण म्हणते, रजा वाया घालवू नकोस, कोकणात जाऊन ये. सासूबाईंनी माळा आवरायला काढलाय. चार दिवसांत ऑफिसला जाताना दमायचे त्याहून जास्त दमलेय. दुपारी आडवी झाले तरी अपराधी वाटतं. माझंच काही चुकतंय का?’ – सु.

प्रिय सु.,

चुकत काही नाही. तुझी रजा अजून सुरूच झालेली नाही.

नियम तुला माझ्यापेक्षा नीट ठाऊक आहे, पण उत्तर त्यातच आहे म्हणून लिहिते. रिझर्व्ह बँकेच्या जुलै २०२१ च्या परिपत्रकानुसार ट्रेझरी (बँकेच्या पैशांची गुंतवणूक पाहणारा विभाग), करन्सी चेस्ट अशा संवेदनशील जागांवरच्या माणसांना वर्षातून एकदा, आधी न सांगता, सलग निदान १० कामाच्या दिवसांची रजा द्यायची असते. हेतू गैरव्यवहार रोखण्याचा आहे, तुला आराम मिळावा हा नव्हे. तरी तू रजेवर जाताना बँकेत एक गोष्ट होतेच: तुझा चार्ज दुसऱ्याकडे जातो. किल्ल्या दिल्या जातात, सह्या होतात. त्यानंतर तिथलं काही अडलं तरी ते तुझ्यापर्यंत येत नाही.

घरातला चार्ज तू कोणाला दिलास? तो तुझ्याकडेच राहिला, आणि बँकेत जाणारे तासही घराने घेतले. घरच्यांना दिसतं ते एवढंच, की सु. दिवसभर घरी आहे. मग माळा निघतो, सिलिंडरवाल्यासाठी दार उघडायला तूच, दुपारी आलेल्या पाहुण्यांना चहा तूच. २०१९ च्या राष्ट्रीय वेळ-वापर सर्वेक्षणात स्वतःच्या घरातलं काम करणाऱ्या बायकांची त्यात दिवसाला सरासरी २९९ मिनिटं जात होती, पुरुषांची ९७. तुझा थकवा कुठून येतो ते या दोन आकड्यांत दिसतं. तुला आळसाचा संशय येतोय, तो मनातून काढून टाक.

तेव्हा आज रात्री जेवताना सगळ्यांसमोर तारीख सांग. ‘अमुक तारखेपर्यंत मी रजेवर आहे, घरीही.’ आणि चार्ज दे, नावानिशी. सकाळचा चहा आणि डबा नवऱ्याकडे. पोळ्यांना तेवढ्या दिवसांपुरती बाई मिळाली तर बघ, नाहीतर भातावर भागवा. दहावीतल्या मुलाला कुकर लावता येतो, अभ्यास बुडत नाही त्याने. अवघड पुढेच आहे: चार्ज दिल्यावर तपासायला जाऊ नकोस. वरण पातळ झालं, ओटा तसाच राहिला, तरी उठायचं नाही. मदतीला म्हणून गेलीस की किल्ल्या पुन्हा तुझ्या हातात.

सासूबाईंशी मात्र वेगळं बोल. त्यांना आयुष्यात अशी रजा कोणी दिली नसेल. सून इतक्या वर्षांत पहिल्यांदा दिवसभर घरात दिसतेय आणि सोबत बसायचं तर हाताला काम हवं, असंच त्यांना माहीत आहे. माळ्यापेक्षा तुझी सोबतच हवी असेल त्यांना, मला तरी तसं वाटतं. ‘आई, माळा दिवाळीच्या आधी काढू, आज नुसत्या बसू या,’ असं म्हणून बघ.

कोकण कुठे जात नाही. बहिणीला तसं सांग आणि तो विषय संपव.

अपराधी वाटणं लगेच जाणार नाही. वाटू दे, पण त्यासाठी उठू नकोस. पडदा ओढून झोप, ब्रँचचा ग्रुप म्यूट कर. आणि ‘या रजेत चार पुस्तकं संपवीन, योगा लावीन’ असले बेत करू नकोस, तू आधीच पुष्कळ हिशेब देतेस. एखाद्या सकाळी गोदाकाठी जावंसं वाटलं तर जा, दारातून परत फिरावंसं वाटलं तर फीर. मात्र चांगली झोप होऊनही थकवा हटला नाही, तर डॉक्टरांकडे जाऊन हिमोग्लोबिन आणि थायरॉइड तपासून घे. या वयात ते अंगावर काढू नये.

सुट्ट्यांचे दिवस सोडून तुझे अजून सहा दिवस उरलेत. उद्या दुपारी सासूबाईंना विचार, चहा घेणार का. हो म्हणाल्या तर लेकाला हाक मार, आणि तू त्यांच्याशेजारी बसून राहा.

तुझी,
ताई